पटावर नाव आले. शिक्षक कोठे आहे?

जिल्हा परिषदेच्या शाळेच्या पटावर एखाद्या कर्णबधिर मुलीचे नाव दाखल झाले की शासनाच्या दफ्तरी तिचे शिक्षण सुरू होते. ती वर्गात बसते, तिची हजेरी लागते, पोषण आहार मिळतो, पाठ्यपुस्तकांचा संच मिळतो आणि वर्षअखेरीस ती पुढच्या इयत्तेत जाते. शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलतात तेव्हा त्यांचे ओठ तिला दिसत नाहीत, त्यामुळे त्या तासात वर्गात काय शिकविले गेले हे तिला कळत नाही. याची नोंद कोणत्याही तक्त्यात होत नाही. कारण तसा रकानाच तक्त्यात नाही. समावेशक शिक्षण या नावाने या देशात गेल्या पन्नास वर्षांत जे काही उभे राहिले, त्याचा हिशेब मांडावयाचा तर या रकान्यापासून प्रारंभ केला पाहिजे.

या विषयाकडे भूतदयेचा विषय म्हणून पाहण्याची समाजाची सवय फार जुनी आहे, आणि पुरोगामी म्हणविणाऱ्या मंडळींनाही ती सुटलेली नाही. अपंगांची शाळा म्हटली की डोळ्यांसमोर येतो तो एखादा विश्वस्त निधी, देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी आणि वार्षिक संमेलनात पाहुण्यांपुढे गाणारी मुले. या संस्थांचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. मुंबईत कर्णबधिरांची शाळा १८८५ मध्ये निघाली, अंधांसाठीच्या शाळा पुढील पंधरा-वीस वर्षांत निघाल्या, आणि राज्यसंस्थेच्या खिजगणतीतही जी मुले नव्हती त्यांना मिशनऱ्यांनी व लोकसेवकांनी अक्षरओळख करून दिली. परंतु त्याच सुमारास, १८८२ मध्ये, हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी जे निवेदन दिले त्यातील मुद्दा दानाचा नव्हता. रयतेच्या करातून जमणारा पैसा रयतेच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणावर खर्च झाला पाहिजे, असा तो रोकडा हिशेबाचा मुद्दा होता. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, त्यामागेही शिक्षण ही राज्याची जबाबदारी आहे हीच धारणा होती. महाराष्ट्रातील समाजवादी चळवळीने शिक्षणाचा प्रश्न हाती घेतला तो या परंपरेतून. असे असताना त्याच रयतेच्या घरातील न ऐकू येणाऱ्या, न चालता येणाऱ्या मुलाचा हिशेब मात्र देणगीदारांच्या वहीत का राहिला, हा प्रश्न चळवळीने फारसा विचारलेला नाही.

कागदोपत्री विचार मागासलेला होता असे म्हणता येणार नाही. अपंग मुलांचे शिक्षण हा सर्वसाधारण शिक्षणव्यवस्थेचाच अविभाज्य भाग असला पाहिजे, हे कोठारी आयोगाने १९६६ मध्येच नमूद केले होते. १९७४ मध्ये केंद्र शासनाने अशा मुलांना सर्वसामान्य शाळांत सामावून घेण्याची एकात्म शिक्षण योजना सुरू केली. मात्र ती समाजकल्याण खात्याकडे होती. शिक्षण खात्याकडे यावयास तिला १९८२ साल उजाडावे लागले. हा तपशील क्षुल्लक वाटेल, पण तो बोलका आहे. शाळेत बसलेल्या मुलाचे शिकणे हा शिक्षण खात्याचा विषय नाही, असे शासन आठ वर्षे मानीत होते! १९९५ च्या कायद्यानेही सर्वसामान्य शाळांत या मुलांना सामावून घेण्याचा ‘प्रयत्न’ करावा एवढेच बंधन शासनावर घातले. २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला, परंतु त्यातील वंचित गटाच्या व्याख्येत विकलांग मुलांचा स्पष्ट समावेश होण्यास २०१२ ची दुरुस्ती व्हावी लागली. पुढे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने विकलांगतेचे प्रकार सातावरून एकवीस केले, शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा, इमारत व स्वच्छतागृह सुगम करावे, प्रत्येक विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे सोयी द्याव्यात, असे दंडक घातले, आणि ठरावीक प्रमाणाहून अधिक विकलांगता असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. तोही जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत. कायद्याची भाषा ‘प्रयत्न करील’ यापासून ‘हक्क आहे’ इथवर येण्यास दोन दशके लागली. ही प्रगती खरीच. पण याच काळातील २०११ च्या जनगणनेने देशातील २ कोटी ६८ लाख विकलांग व्यक्तींची नोंद केली, आणि त्यांतील पाच ते एकोणीस वयोगटातील सुमारे सत्तावीस टक्के मुलांनी शाळेचे तोंडही पाहिलेले नव्हते, हेही तिनेच दाखविले.

दरम्यान शासनाने शब्द मात्र तातडीने बदलला. ‘विकलांग’ जाऊन ‘दिव्यांग’ आला. विकलांगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या अनेक संघटनांनी २०१६ मध्येच या शब्दाला हरकत घेतली होती. शरीरातील उणिवेला दिव्यत्वाचा मुलामा दिल्याने जिन्याला उतार लागत नाही, असे त्यांच्या म्हणण्याचे सार होते. देवत्व बहाल करून हक्क काढून घेण्याची युक्ती या देशातील स्त्रियांना आणि दलितांना नवी नाही. गांधीजींच्या सदिच्छेने योजलेला ‘हरिजन’ हा शब्दही ज्यांच्यासाठी होता त्यांनीच नाकारला, हे स्मरणात ठेवण्यासारखे आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. सर्वसामान्य शाळेत विशेष गरजा असलेल्या मुलाला शिकविणार कोण?

वर्गशिक्षकच शिकविणार, हे उत्तर तत्त्वतः बरोबर आहे. परंतु त्या शिक्षकाला काही गोष्टी कोणीतरी दाखवाव्या लागतात, आणि काही गोष्टी मुलाला स्वतंत्रपणे बसवून शिकवाव्या लागतात. अंध मुलाला ब्रेलची सहा टिंबे बोटांनी वाचावयास शिकविणे, पांढरी काठी घेऊन वर्गापासून नळापर्यंत एकट्याने जाण्याचा सराव देणे, भूमितीची आकृती जाड दोऱ्याने कागदावर उठावदार करून देणे. कर्णबधिर मुलाशी खुणांच्या भाषेत बोलणे, त्याचे श्रवणयंत्र चालते की नाही हे रोज पाहणे. मेंदूच्या पक्षाघातामुळे हाताची पकड सैल असलेल्या मुलाची पेन्सिल कापडाची पट्टी गुंडाळून जाड करणे. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलासाठी बेरजेचा एक पाठ आठ लहान पायऱ्यांत तोडणे आणि त्यातील प्रत्येक पायरीवर आठवडाभर थांबणे, हे विशेष शिक्षकाचे काम आहे. या प्रत्येक मुलासाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा तयार करावा लागतो. तो नुसता लिहून भागत नाही. दर काही आठवड्यांनी वर्गशिक्षकाजवळ बसून तो तपासावा लागतो. हे काम शिबिरात होत नाही, पाहणीदौऱ्यात होत नाही. त्याला नित्याचा सहवास लागतो. किंबहुना सहवास हेच त्यातले मुख्य साधन आहे.

शिवाय या शिक्षकाचे प्रशिक्षण भारतीय पुनर्वास परिषदेच्या नियमांनुसार एकेका विकलांगतेचे असते. श्रवणदोषाचा अभ्यासक्रम केलेल्याला ब्रेल येतेच असे नाही, आणि दृष्टिदोषाचा अभ्यासक्रम केलेल्याला खुणांची भाषा येतेच असे नाही. पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रातून मोटारसायकलवर निघणाऱ्या फिरत्या विशेष शिक्षकापुढे मात्र एकाच दिवशी पहिल्या गावात कर्णबधिर मुलगी असते, दुसऱ्या गावात अंध मुलगा असतो आणि तिसऱ्या गावात अंथरुणाला खिळलेले मूल असते. वैद्यकीय क्षेत्रात दातांच्या डॉक्टरला मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करावयास कोणी सांगणार नाही. गरिबांच्या मुलांच्या शाळेत अशी गोष्ट सहज खपून जाते.

या शिक्षकांची शासनाने काय व्यवस्था लावली, याचा इतिहास सर्वोच्च न्यायालयाच्या दफ्तरात सापडतो. प्रशिक्षित विशेष शिक्षकांनीच दाखल केलेल्या रजनीशकुमार पांडे विरुद्ध भारत सरकार या प्रकरणी न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये निर्णय दिला आणि विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी शिक्षकांचे प्रमाण ठरवून दिले: प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढील स्तरांवर पंधरा मुलांमागे एक. केंद्राने २०२२ मध्ये हे प्रमाण अधिसूचित केले. तरीही राज्ये स्वस्थ होती. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की, किती पदे लागतात हे निश्चित करून ती अधिसूचित करा आणि भरा, आणि जे शिक्षक वर्षानुवर्षे कंत्राटावर राबत आहेत त्यांची पात्रता तपासून त्यांना सामावून घ्या. काही राज्यांत अशा शिक्षकांची वीस-वीस वर्षे कंत्राटावर गेली आहेत. तरुणपणी नोकरीला लागलेला माणूस पन्नाशीला आला तरी दरसाल नेमणुकीच्या नव्या आदेशाची वाट पाहतो; त्याच्या विद्यार्थ्याच्या शिक्षणात सातत्य राहील अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची?

महाराष्ट्राने या बाबतीत एक पाऊल टाकले, त्याचे श्रेय दिले पाहिजे. २०२४ मध्ये राज्य शासनाने केंद्र स्तरावर विशेष शिक्षकांची ४,८६० पदे निर्माण करण्याचा आणि कंत्राटावर असलेल्या सुमारे तीन हजार विशेष शिक्षकांना त्यांवर सामावून घेण्याचा निर्णय घेतला. हा निर्णय सहजासहजी झाला नाही. त्यामागे त्या शिक्षकांची अनेक वर्षांची आंदोलने व न्यायालयीन लढे आहेत. परंतु या आकड्याची फोड केली पाहिजे. राज्यातील लहानमोठ्या शाळांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. ४,८६० केंद्रांत त्या वाटल्या तर एका केंद्रात सरासरी वीसहून अधिक शाळा येतात, आणि त्या सर्वांस मिळून एक विशेष शिक्षक. महिन्यात शाळेचे कामकाजाचे दिवस साधारण तेवढेच असतात. म्हणजे हा शिक्षक एकही दिवस बैठकीत, अहवाल लिहिण्यात वा आजारपणात गेला नाही असे धरले, तरी एका शाळेच्या वाट्याला तो महिन्यातून एकदा येणार. प्रत्येक शाळेत अशी मुले नसतात, हे खरे. पण एखाद्या शाळेत तीन असतात आणि तिघांच्या गरजा तीन प्रकारच्या असतात, हेही तितकेच खरे. मुद्दा असा की, न्यायालयाने मोजमापाचे एकक मूल हे धरले आहे. शासनाने केंद्र हे धरले आहे. मुलांची संख्या वाढली तर पहिल्या मापाने शिक्षक वाढतात, दुसऱ्या मापाने वाढत नाहीत. उलट दुसऱ्या मापात शासनाचा एक छुपा फायदा आहे. ज्या मुलांची विकलांगता उघड दिसत नाही, ती शोधण्याची निकडच उरत नाही.

आता पैशाचे पाहू. समग्र शिक्षा ही केंद्र पुरस्कृत योजना २०१८ मध्ये सुरू झाली तेव्हा विशेष गरजा असलेल्या प्रत्येक मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद तीत ठरविण्यात आली. त्याखेरीज मुलींना दरमहा २०० रुपये विद्यावेतन, वर्षातून दहा महिने. विशेष शिक्षकाचा पगार या रकमेत धरलेला नाही, हे मान्य. पण साधने, ब्रेल वा ठळक टाइपातील पुस्तके, मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता, वाचक भत्ता, उपचार, हे सारे मुख्यतः याच रकमेत बसवावयाचे. दिवसाला दहा रुपयेही पडत नाहीत. वाडीवरून शाळेपर्यंत मुलाला पाठीवर घेऊन जाणारी आई आपला दिवसाचा रोजगार बुडविते. त्याची किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात धरलेली नाही. मजूर बाईच्या फुकट श्रमावर योजना उभी आहे, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही.

जो पैसा खर्च होतो तो कसा, हेही पाहण्यासारखे आहे. तालुक्याच्या ठिकाणी शिबिर भरते, मंडप पडतो, लोकप्रतिनिधी येतात, चाकांच्या खुर्च्या आणि श्रवणयंत्रे वाटली जातात, छायाचित्रे निघतात. श्रवणयंत्राचा कानात बसणारा साचा मुलाच्या कानाच्या मापाचा असावा लागतो आणि मूल वाढते तसा तो बदलावा लागतो, ही साधी गोष्ट शिबिराच्या वेळापत्रकात बसत नाही. साचा सैल झाला की यंत्र शीळ घालू लागते, मूल ते काढून टाकते. सेल संपले की गावात मिळत नाहीत. मग ते यंत्र घरच्या फडताळात जाते आणि मुलाच्या नावापुढे ‘साधन पुरविले’ अशी खूण कायमची राहते. त्या गावी दर आठवड्याला येणारा विशेष शिक्षक असता तर साचा आणि सेल या दोन्ही गोष्टी त्याच्या लक्षात आल्या असत्या. वस्तू एकदा खरेदी होते आणि तिच्या खरेदीत अनेकांचे हितसंबंध असतात. माणूस दरमहा पोसावा लागतो, संघटना करतो, निवृत्तिवेतन मागतो. शासनाचा कल वस्तूंकडे का असतो, हे समाजवादी कार्यकर्त्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

याहून अदृश्य आहे तो अध्ययन अक्षमतेचा प्रश्न. ज्या मुलाची बुद्धी चांगली आहे, डोळे-कान शाबूत आहेत, पण ज्याला अक्षरे वाचताना-लिहिताना वा अंक मांडताना सतत अडचण येते, त्याला शाळेत ‘ढ’ म्हणतात. घरी आळशी म्हणतात. देवनागरीची या मुलाला पडणारी कोडी इंग्रजीहून वेगळी आहेत. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ब’ आणि ‘व’ एका रेघेच्या वा गाठीच्या अंतरावर आहेत. ‘कि’ वाचताना वेलांटी आधी दिसते आणि उच्चार नंतर होतो. रफार ज्या अक्षरावर लिहितात त्याच्या आधी उच्चारावयाचा असतो. जोडाक्षरात एका अक्षराचे अर्धे अंग हरपते. सात-आठ वर्षांचे मूल ‘सूर्य’ हा शब्द कसा लिहिते हे नीट पाहणाऱ्या शिक्षिकेला पुष्कळ काही समजते, पण त्यासाठी तिने पाहावयाचे काय हे तिला कोणी सांगितलेले असले पाहिजे. मराठीत अशी चाचणी उपलब्धच नाही, ही सबब आता पुरेशी नाही. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने हिंदी, कन्नड व इंग्रजीबरोबर मराठीतही तपासणीची साधने तयार केली. त्यास २०१५ पासून एक दशक लोटले. प्रश्न ती साधने तालुक्याच्या शाळेपर्यंत पोहोचविणाऱ्या माणसाचा आहे.

येथेही वर्गभेद आपले काम चोख करतो. महाराष्ट्रात शालान्त परीक्षेत अशा विद्यार्थ्यांना जादा वेळ, लेखनिक इत्यादी सवलती गेल्या शतकाच्या अखेरीपासूनच मिळू लागल्या. त्यांचा लाभ घ्यावयाचा तर प्रमाणपत्र लागते, प्रमाणपत्रासाठी मोठ्या शहरातील रुग्णालयात खेटे घालावे लागतात, आणि त्यापूर्वी मुलाच्या अडचणीला हे नाव आहे एवढे तरी पालकांस ठाऊक असावे लागते. २००७ च्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटाने शहरी मध्यमवर्गाला हे नाव शिकविले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण ऊसतोड मजुराचे मूल गळिताच्या हंगामात कारखान्याच्या तळावर असते. त्याला वाचता येत नाही याचे कारण गैरहजेरी हेच गृहीत धरले जाते. दोन्ही कारणे एकत्र असू शकतात, ही शंकाही कोणाच्या मनाला शिवत नाही. आता तर २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना दिलेल्या मुभेचा उपयोग करून महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा परत आणली आहे. चार वर्षे ज्याला कोणी तपासले नाही, त्याची पाचव्या वर्षी परीक्षा घेऊन त्यालाच मागे ठेवावयाचे, असा हा न्याय आहे.

या सर्वांवर दोन बाजूंनी आक्षेप येतात आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला वर्गशिक्षकांचा. दोन शिक्षकी शाळेत पाच इयत्ता, त्यातच ऑनलाइन माहिती भरणे, आहाराच्या नोंदी, मतदारयाद्या. आणि त्यावर हे आणखी एक ओझे. या तक्रारीला ‘शिक्षकांना काम नको’ असे म्हणून उडवून लावणे हा अन्याय होईल. साहाय्य न देता जबाबदारी टाकली की शिक्षकाच्या मनात त्या मुलाविषयीच रोष उत्पन्न होतो, आणि भांडण शासन विरुद्ध शिक्षक असे न राहता शिक्षक विरुद्ध मूल असे होऊन बसते. मात्र शिक्षक संघटनांनाही एक प्रश्न विचारला पाहिजे. बदल्या, वेतनश्रेणी आणि जुनी निवृत्तिवेतन योजना यांसाठी मोर्चे निघतात, ते रास्तच आहेत. पण मागण्यांच्या पत्रकात प्रत्येक दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक ही मागणी कितव्या क्रमांकावर असते? असते तरी का?

दुसरा आक्षेप विशेष शाळांतील कार्यकर्त्यांचा आणि तेथील मुलांच्या पालकांचा. आमच्या शाळेत मूल निदान खुणांची भाषा शिकते, बरोबरीच्या मुलांत हसते-खेळते. सर्वसामान्य शाळेत ते मागच्या बाकावर एकटे पडते. समावेशनाच्या नावाखाली विशेष शाळांची अनुदाने आटविण्याचा डाव आहे, असे ते म्हणतात. हा संशय निराधार नाही. काटकसरीच्या राजवटीत कोणतेही पुरोगामी तत्त्व खर्च कमी करण्याचे निमित्त होऊ शकते. २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र व बहुविकलांगता असलेल्या मुलाला गृहाधारित शिक्षणाची निवड करण्याचा हक्क दिला. पण निवड मुलाची असावयाची ती शाळेची होऊन बसली, की घरी राहणे हेच शिक्षण ठरते.

तेव्हा समावेशन स्वस्त असते हा भ्रम आधी सोडला पाहिजे. या बाबतीत इटलीचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. तेथे सत्तरच्या दशकात, कामगार आणि विद्यार्थी चळवळींनी समाज ढवळून काढला असताना, मनोरुग्णालयांपासून विशेष वर्गांपर्यंत माणसांना वेगळे काढून कोंडणाऱ्या सर्वच संस्थांवर हल्ला झाला. १९७७ च्या कायद्याने विशेष वर्ग रद्द झाले आणि विकलांग मुले सर्वांच्या वर्गात आली. पण त्याच कायद्याने आणखी दोन गोष्टी केल्या: ज्या वर्गात असे मूल असेल त्याची पटसंख्या वीसपर्यंत मर्यादित केली, आणि साहाय्यक शिक्षकाची तरतूद केली. तो शिक्षक पुढे मुलाचा खासगी रखवालदार न राहता त्या संपूर्ण वर्गाचा सहशिक्षक मानला गेला. तेथेही सारे आलबेल आहे असे नाही. साहाय्यक शिक्षकांच्या तात्पुरत्या नेमणुकांची ओरड तेथेही आहे. पण वेगळी दारे बंद करावयाची तर सामाईक दार रुंद करावे लागते, एवढा व्यवहार त्या कायद्याने जाणला होता.

महाराष्ट्रात मात्र हे सामाईक दार काही ठिकाणी उचलूनच दूर नेले जात आहे. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा उभारण्याचा घाट शिक्षण खात्याने २०२३ मध्ये घातला; पानशेत आणि तोरणमाळ येथील उदाहरणे त्यासाठी पुढे करण्यात आली. मोठी शाळा, अधिक शिक्षक, प्रयोगशाळा, असे तिचे चित्र रंगविले जाते, आणि मुलांना बसने नेऊ असे सांगितले जाते. पण डोंगरावरच्या पाड्यातून चाकाची खुर्ची बसच्या थांब्यापर्यंत कशी यावयाची? राज्याच्या नियमांनुसार पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत असावयास हवी. चालू शकणाऱ्या मुलाचे तीन किलोमीटर म्हणजे गैरसोय. न चालू शकणाऱ्याचे तीन किलोमीटर म्हणजे शाळा बंद. लहान शाळांच्या बचावाची लढाई आदिवासी भागातील कार्यकर्ते लढत आहेत. तीत या मुलांचा मुद्दा ठळकपणे आला पाहिजे, कारण कायद्याच्या दृष्टीनेही तो सर्वांत बळकट मुद्दा आहे.

पक्षाच्या शाखांना यात करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यासाठी कोणाच्या परवानगीची आवश्यकता नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या २१ व्या कलमानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि वंचित गटातील पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व द्यावे लागते. २०१२ पासून विकलांग मुले त्या गटात मोडतात. म्हणजे त्यांच्या आईबापांची जागा त्या समितीत कायद्याने राखलेली आहे. किती शाळांत ती भरली आहे, याची पाहणी एका तालुक्यात एका महिन्यात होऊ शकते. त्याच पाहणीत विशेष शिक्षकाने गेल्या सहा महिन्यांत शाळेला किती वेळा भेट दिली हे नोंदवहीवरून उतरवून घेता येईल, आणि केंद्रावरील पद भरलेले आहे की रिकामे हेही समजेल. ग्रामपंचायतींपासून महापालिकांपर्यंत सर्व स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नाचा पाच टक्के भाग विकलांगांसाठी खर्चावा असा राज्याचा २०१८ पासूनचा आदेश आहे. पुष्कळ ठिकाणी मार्चअखेरीस ही रक्कम किरकोळ वाटपात संपविली जाते. त्यातून शाळेच्या पायरीचा उतार, कठडा, मदतनिसाचे मानधन यांस प्राधान्य द्यावे असा ठराव ग्रामसभेत मांडता येतो. अशा ठरावाने विशेष शिक्षकाचे पद निर्माण होणार नाही. ती लढाई जिल्हा परिषदेत आणि विधिमंडळातच लढावी लागेल, आणि पदे मुलांच्या संख्येवर मोजा हीच तिची मागणी असेल. परंतु तालुक्यातालुक्यातून आलेल्या नोंदी हाती असल्याशिवाय ती मागणी मंत्र्यापुढे ठेवताना, ‘आमच्याकडे अशी मुले फारशी नाहीत’ हे ठरीव उत्तर खोडून काढता येणार नाही. पुढील शैक्षणिक वर्षाच्या संचमान्यतेपूर्वी या नोंदी तयार व्हावयास हव्यात.